देवीपासून पहिलं घर

नवं घर घेतलं की कुणी फातिहा देतं, कुणी सत्यनारायण घालतं. मी पोस्टकार्ड टाकलं. पनवेलच्या पोस्टात अकरा वर्षं काउंटरवर बसल्यावर माझा एकाच गोष्टीवर विश्वास उरला होता: पत्र पोचलं तर घर खरं. बाकी सगळं विकणारा बोलतो ते. म्हणून सत्याण्णव सालच्या फेब्रुवारीत एका सोमवारी मी माझ्याच नावाने कार्ड लिहिलं. सौ. सकिना नजीब चोगले, रो हाउस क्रमांक एक, नेरूळ. मागच्या बाजूला मजकूर काय लिहावा हे सुचेना, तेव्हा लिहिलं, 'हे कार्ड मिळालं म्हणजे घर आपलं झालं. सकिना.' नजीबने ते वाचलं आणि डोक्याला हात लावला.

"अगो, ॲग्रीमेंट झालं, रजिस्टर झालं, चावी हातात आली. आता आणखी काय पाहिजे तुला?"

"शिक्का," मी म्हटलं.

नजीब माझा नवरा. जासईला एका कंटेनर यार्डात कारकून. स्वभावाने इतका गरीब की रिक्षावाल्याने सुटे नाहीत म्हटलं तर हाच त्याची माफी मागतो. घर शोधायला मीच बाहेर पडले होते, कारण त्याच्या भरवशावर राहिले असते तर आम्ही अजून पनवेलच्या त्या वखारीमागेच असतो.

वखार लाकडाची. दिवसभर करवत चालायची आणि भुसा उडून आमच्या चादरीत, डब्यात, पिण्याच्या पाण्यात यायचा. आमच्या समराला चौथ्या वर्षी दम्याचा पहिला अटॅक आला. त्यानंतर दर महिन्याला एकदा तरी तिला पाठीवर घेऊन डॉक्टरांकडे पळायचं. डॉक्टर म्हणाले, औषधं मी कितीही देईन, पण हिला आधी या धुळीतून बाहेर काढा. सांगायला काय जातं? तेव्हा सगळ्या नव्या मुंबईत उकरलेली जमीन आणि मुरमाचे डंपर. दर सहा महिन्यांनी नवीन सेक्टर, दर सेक्टरला नवीन धूळ. मी दोन वर्षं रविवारी घरं बघत फिरले. फ्लॅट बघितले, चाळी बघितल्या, एका ठिकाणी तर फक्त खांब बघून आले.

आणि मग हिरामण भेटले. नेरूळच्या पुढे खाडीच्या अंगाला जुनं आगरी गाव, तिथले ते. शहरासाठी त्यांची भातशेती गेली, त्याबदल्यात साडेबारा टक्के योजनेतून प्लॉट मिळाला आणि त्या प्लॉटवर त्यांनी एका ओळीत पाच रो हाउस बांधली. एक टोक नव्या रस्त्याला, दुसरं टोक खाडीकडे, गावदेवीच्या देवळाला लागून. मधली तीन घरं मुलांसाठी ठेवली आणि टोकाची दोन विकायला काढली. रस्त्याकडचं घर आधीच एका मुकादमाला दिलं होतं.

आम्ही खाडीकडचं बघायला गेलो तेव्हा हिरामणची बायको मालतीबाई दारात पाय पसरून बसली होती. तिने आमची नावं विचारली, गाव विचारलं. श्रीवर्धनजवळ म्हटल्यावर तिचा एकच प्रश्न होता.

"सुकट खातान ना?"

"रोज असली तरी चालेल," मी म्हटलं.

"मंग बरा हाय. आदी एक पार्टी आलेली, ती बोल्ली वास येतो. मी बोल्ली, मंग खारीवर कशाला आल्याव?"

घर लहानच. खाली एक खोली आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, बाजूला दोन हात मोकळी माती. पण मागची खिडकी उघडली आणि खाडीवरून वारा आत आला. खारा, ओला वारा, धुळीचा कण नाही. आम्ही व्यवहाराचं बोलत बसलो आणि समरा त्या खिडकीखाली नुसत्या फरशीवर झोपून गेली. तासभर झोपली. मी तिच्या छातीला कान लावून बघितलं, शिट्टी वाजत नव्हती. नजीबला मी तिथल्या तिथे सांगितलं, हेच घर. दुसरं कुठलंही घर मला फुकट दिलं तरी नको.

तर कार्ड सोमवारी टाकलं. मंगळवारी, फार तर बुधवारी पोचायला हवं. रविवारी आम्ही दोघं समरा आणि तिचा मोठा भाऊ रायान यांना घेऊन मोजमाप घ्यायला गेलो. मी दार उघडून आधी उंबऱ्याच्या आत बघितलं. कार्ड नव्हतं. तेवढ्यात बाहेरून रंगाचा वास आला. धर्मराज नावाचा पेंटर स्टुलावर उभा राहून आमच्या दारावर पिवळ्या रंगाने आकडा काढत होता. पाच.

"ओ भाऊ, हे एक नंबर आहे."

"पाच आहे, मॅडम."

"मी पोस्टात आहे. मला आकडे शिकवू नका."

तो शांतपणे स्टुलावरून उतरला, खिशातून चार घड्यांचा नकाशा काढला आणि माझ्यापुढे धरला. वाशीच्या आर्किटेक्टने काढलेला, मंजूर झालेला नकाशा. ओळ रस्त्याकडून सुरू होत होती. रस्त्याचं घर एक आणि देवळाजवळचं पाच. "एक नंबर मी सोमवारीच रंगवला," धर्मराज म्हणाला. "मग मधे साळ्याचं लग्न होतं. बाकीचे आज करतोय."

हाच नकाशा आमच्या ॲग्रीमेंटला मागे जोडलेला होता. मी प्रत्येक पानावर सही केली होती, नकाशावरसुद्धा. सगळी पानं बारकाईने वाचली होती आणि 'चोगले'तला 'चो' तीन ठिकाणी चुकलेला दुरुस्त करून घेतला होता. नकाशा तेवढा बघितला नव्हता. आयुष्यभर लोकांना अपुऱ्या पत्त्यावरून झापणारी मी, स्वतःच्या घराचा पत्ता चुकले होते. कागदावर आम्ही रस्त्याचं घर घेतलं होतं, जिथे दिवसातून दोनशे डंपर जातात.

हिरामणना बोलावलं. ते आले, नकाशा उलटा धरला, सुलटा धरला आणि चिडले.

"ये कोनी काडलाय? एक लंबर ह्योच हाय. देवलापासना पयला घर."

"नकाशात रस्त्यापासून मोजलंय, काका."

"रस्ता कालचा हाय! देवी कवापासना हाय इथं? आमचे गावान सगला देवीपासना मोजतान. पालखी पयली कोनाचे दारान जाते? देवीचे शेजारी. हलदीचा बोलावना पयला कोनाला? त्यालाच. मी वकिलाला बोल्लो, एक लंबर नजीबभाईंना, पाच लंबर मुकादमाला. काय चुकला माजा?"

काहीच चुकलं नव्हतं. वाशीच्या माणसाने रस्त्यापासून मोजलं, गावच्या माणसाने देवीपासून मोजलं, आणि वकिलाने दोन्हींना मान डोलावली. दोन्ही टोकांची दोन्ही घरं रजिस्टर झाली ती एकमेकांच्या नावावर. मधली तीन हिरामणचीच असल्याने त्यांना कसलाच फरक पडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी वकिलाकडे गेले. त्यांनी चष्मा पुसत सांगितलं की दुरुस्तीपत्र करता येईल, मात्र दोन्ही खरेदीदारांची संमती हवी. समोरचा नाही म्हणाला तर कागदाप्रमाणे खाडीचं घर त्याचं. "आणि बाई, खाडीच्या घराला बाजूला जागा जास्त आहे. आज ना उद्या भाव त्याचाच चढणार. तो का सोडेल?" हे त्यांनी फी घेतल्यावर सांगितलं.

संध्याकाळी नजीब म्हणाला, "आपण गप्प राहिलो तर? मुकादमाला कुठे माहीत आहे? तो तिकडे राहील, आपण इकडे राहू."

"आणि दारावर पाच लिहिलंय, ते तो वाचणार नाही? वीज मंडळाचा माणूस मीटर बसवायला येईल, तो वाचणार नाही? दहा वर्षांनी त्याच्या मुलाने कागद काढले आणि आपल्याला बाहेर व्हायला सांगितलं तर कुठे जाल?"

नजीबने उठून वखारीकडची खिडकी लावली. मग म्हणाला, "मला भीती वाटते गो, तो नाही म्हणेल." भीती मलाही वाटत होती. त्या आठवड्यात मी चार मनीऑर्डरी चुकीच्या रकान्यात भरल्या, आणि समरा खोकली की मला वखारीतल्या माणसाचा गळा दाबावासा वाटायचा. बिचारा करवतीपुढे उभा राहून आपलं पोट भरत होता. पण राग कुणावर तरी काढायचा असतो.

पुढच्या रविवारी हिरामणना घेऊन आम्ही तुर्भ्याला गेलो. मुकादमाचं नाव शहाजी. मूळचा साताऱ्याकडचा, एपीएमसी मार्केटच्या कांदा-बटाट्यात माथाड्यांच्या टोळीचा मुकादम. मार्केटमागे दोन खोल्यांत राहायचा. दार त्याच्या बायकोने, वेणूबाईने उघडलं. हिरामणना बघितल्याबरोबर तिचा चेहरा बदलला. आत या म्हणाली, पण पाणी आणलं नाही. आपल्याकडे पाणी आणलं नाही म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. शहाजी खाटेवर बसला होता, खांद्याने रुंद, न बोलणारा माणूस. तो आमच्याकडे बघत होता आणि नजीब त्याच्या खांद्यांकडे बघत होता.

मी सुरुवात केली. "ताई, मी सकिना चोगले. तुमच्याकडे एक काम घेऊन..."

"सकिना तुमीच व्हय?" वेणूबाई कडाडली. तिने फळीवरच्या डब्याखालून एक कार्ड ओढून काढलं आणि माझ्यापुढे आपटलं. माझंच कार्ड, माझ्याच अक्षरात. "काय लिवलंय हे? कार्ड मिळालं म्हंजे घर आपलं झालं! घर असं हुतं व्हय? माझ्या दाराखालनं सरकवलं हे. बुधवारी गेले बघाया, तर हे पडलेलं. दहा दीस झालं, मला घास ग्वाड लागंना. एकच घर दोघास्नी इकलं ह्यानं!" हे हिरामणकडे हात करून. "मालक तर टोळी घिऊनच निघाले हुते गावाकडं. चाळीस माणसं. मीच आडवी पडले, म्हटलं रयवारपतूर थांबा."

हिरामण दाराकडे दोन पावलं सरकले.

"ताई, कुठलं घर?" मी विचारलं. "तुम्ही कुठलं घर आपलं म्हणताय?"

"कुठलं म्हंजे? रस्त्यावरचं! पाच लंबर! गिरणी टाकणार हाय मी पिठाची. जातं आणलंय, थ्री-फेजचा अर्ज केलाय. आन त्या दारावर कुणी तरी एक लिवलंय. मी त्ये घर सोडणार न्हाई, सांगून ठिवते."

"तुम्हाला रस्त्याचंच हवंय?"

"मग काय खाडीला गिरणी घालू? चिखलातनं दळण घिऊन कोण यायचं, खेकडं?"

मला हसू फुटलं. घाणेरडं, आवरता न येणारं हसू, आणि त्याच्यात डोळ्यांतून पाणीही यायला लागलं. नजीब घाबरून माझ्या पाठीवर थापटत होता. वेणूबाईला वाटलं, बाईला वेड लागलं. मी पदराने तोंड पुसलं आणि नकाशा काढून सगळं सांगितलं. देवी, रस्ता, वाशीचा आर्किटेक्ट, वकील. हिरामण मधे मधे "मी बरोबर मोजलेला" एवढंच म्हणत होते.

वेणूबाईने नकाशा ओढून घेतला. "म्हंजे कागदावर माझं घर खाडीचं हाय?"

"हो."

आता शहाजी पहिल्यांदा बोलला. "खाडीच्या घराला बाजूची जागा जास्त हाय ना?"

नजीबने माझ्याकडे बघितलं. मला खोटं बोलता आलं असतं. थोडीच आहे, कुंडी ठेवण्यापुरती, असं काहीही. पण माझ्या तोंडून खरं तेच बाहेर पडलं.

"आहे. दोन हात जास्त आहे. पुढे त्याला भावही जास्त येईल, वकील म्हणाले. कायदा तुमच्या बाजूला आहे, तुम्ही नाही म्हणालात तर मी काही करू शकत नाही. पण माझ्या मुलीला दमा आहे. ती सात वर्षांची आहे. ते घर आम्ही फक्त तिच्या श्वासासाठी घेतलं. रस्त्याच्या घरात ती राहू शकणार नाही."

शहाजी हाताच्या तळव्याकडे बघत बसला. तो काय मोजत होता कोण जाणे. एवढा वेळ मी फॉर्म भरून घेणाऱ्या माणसांना दिला असता तर रांग रस्त्यावर गेली असती.

"आवं, काय इचार करताय?" वेणूबाईच त्याच्यावर ओरडली. "पोरीच्या छातीचा सवाल हाय तिच्या, आन माझ्या गिरणीचा हाय. दोन हात माती घिऊन काय तिथं ऊस लावणार हाय?"

शहाजी हसला. दात मोठे होते त्याचे, हसल्यावर माणूस अगदीच वेगळा दिसायचा. "मी न्हाई कुठं म्हटलं? जागा किती ते इचारलं नुसतं. इचारू बी नगं का?" मग हिरामणना म्हणाला, "पाटील, तुमचं नशीब. चाळीस माणसं हुती."

त्यानंतर पाणी आलं, चहा आला, आणि वेणूबाईने आम्हाला जेवायला बसवलं. नजीबने तीन भाकरी खाल्ल्या. गेल्या आठवडाभरात तो एका वेळी एकीच्या वर गेला नव्हता.

दुरुस्तीपत्राच्या दिवशी रजिस्ट्रार कचेरीत पुन्हा अडलं, तेही हिरामणमुळे. वकिलाने मसुद्यात लिहिलं होतं, 'नजरचुकीने घरांचे क्रमांक चुकीचे नमूद झाले.' हे वाचून दाखवल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"माजे नजरेची चूक नाय. मी सही नाय करनार."

"काका, ही नुसती भाषा आहे," वकील म्हणाले.

"मंग नीट भाषा लिवा."

आम्ही चौघं खरेदीदार त्यांच्या विनवण्या करतोय, मागे लग्नाच्या नोंदणीला आलेलं एक जोडपं ताटकळतंय, वकिलांच्या कपाळाला आठ्या. शेवटी मसुदा पुन्हा टाइप झाला: 'मोजणीच्या दिशेत फरक पडल्याने घरांचे क्रमांक यापुढे देवळाकडून धरावेत.' हिरामणनी तो दोनदा वाचून घेतला आणि मग मोठी सही केली. मला तो माणूस त्या दिवसापासून फार आवडायला लागला. बाहेर आल्यावर मी आणि वेणूबाई कचेरीच्या पायऱ्यांवर बसलो. तिने कमरेची पिशवी सोडून शेंगदाण्याचा लाडू काढला आणि अर्धा मला दिला.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी आम्ही राहायला आलो. धर्मराजने दारावरचा पाच खरवडून एक काढला होता, तो थोडा वाकडा होता. मालतीबाईने खाडीची कोळंबी पाठवली. नजीब खोके सोडण्यापेक्षा प्रत्येक खिडकी उघडून बघण्यातच दंग होता आणि मी स्वयंपाकघरात तांदळाचं पीठ मळत होते.

त्या घरात आल्यावर समराचा दमा पळून गेला असं काही झालं नाही. पुढेही तो येत राहिला, थंडीत जास्त. पण त्या सकाळी बाजूच्या मातीत तिचं आणि रायानचं भांडण जुंपलं. रायान तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याने तिचा खडूचा डबा देवळाच्या पत्र्यावर फेकला होता. ती त्याच्यामागे धावली, देवळाला दोन फेऱ्या मारल्या, त्याचा शर्ट पकडला आणि शिव्या सुरू केल्या. गाढवा, माकडा, तू माझा डबा फेकलास, मी अब्बांना सांगेन, तुझी वही खाडीत टाकीन, तुझा चेंडू पण टाकीन, आणि तुला रात्री खिडकीजवळ झोपू देणार नाही, ती माझी खिडकी आहे, अम्मी म्हणाली माझीच आहे, तू बाहेर झोप, खेकडे चावू देत तुला.

माझे हात पिठात थांबले. आता ती अडकेल, आता छाती धरेल, आता मला धावावं लागेल, असं वाटून मी ऐकत राहिले. ती अडकली नाही. मधे एकदा श्वास घेतला, साधा, कुणीही घेतो तसा, आणि पुन्हा सुरू झाली.

नजीब उठला. "अगो, केवढ्याने ओरडते ती. पहिलाच दिवस आहे, शेजारी काय म्हणतील?"

"बसा तुम्ही," मी म्हटलं. "बोलू दे तिला."

तो बसला. आम्ही दोघंही ऐकत राहिलो. रायानला ती बरंच काही म्हणाली.